लेक कुठं दिली?

राजारामपुरी, कोल्हापूर
८ फेब्रुवारी २०२६

चि. अनुजा, आणि तिच्या खांद्यावरून वाचत असतील तर जावईबापू, तुम्हीसुद्धा,

मोबाईलच्या जमान्यात आईनं पत्र का धाडलं म्हणून दोघं हसाल. हसा. फोनवर माझं बोलणं धड होत नाही. रविवारी तू फोन करतेस, स्पीकर लावलेला असतो, शेजारी जावईबापू बसलेले असतात आणि तू म्हणतेस, "हो आई, मी छान आहे. इथे सगळं व्यवस्थित आहे." एवढं शुद्ध तू शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतही बोलली नव्हतीस, आणि तिथं परीक्षक मीच होते. "बरी हाय की गं, मला काय धाड भरलीया" म्हणणाऱ्या पोरीची तिकडं थंडीनं जीभ आखडली का, एवढंच विचारायचं होतं.

इकडं सगळं ठीक. तुझ्या आण्णांना गावाकडच्या दूध संस्थेनं पुन्हा चेअरमन केलंय, त्यामुळं घरात आम्ही कमी आणि पावणं जास्त. प्रत्येक पावण्याचा एकच प्रश्न, "लेक कुठं दिली?" मग आण्णा छाती काढून सांगतात, "स्वीडनला दिली!" जणू तू कोल्हापूरची नाहीस, सम्राटराव कागलचे नाहीत आणि मधले ते वीस किलोमीटर कुणी मोजलेच नाहीत.

तुला ऑक्टोबरातला फोन आठवतो का? तुमच्या बिल्डिंगीच्या तळघरात ती धुण्याची खोली, सगळ्यांनी नंबर लावून मशीन वापरायचं. तिथं वरच्या मजल्यावरची बिर्गिट आजी तुला "गिफ्ट?" असं विचारत होती आणि तू "नको नको" म्हणत होतीस. मग कळलं की बाई विचारतेय, तुझं लग्न झालंय का. तिकडं लग्न झालेलीला गिफ्ट म्हणतात, बोलताना यिफ्ट! सांगताना तू इतकी हसलीस की मशीनचा आवाज ऐकू येईना. त्यानंतर तशी हसली नाहीस. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल.

आणि हो, मी क्लास लावलाय. इथंच, दोन गल्ल्या सोडून. जर्मनीला निघालेल्या नर्स पोरी तिथं जर्मन शिकतात. स्वीडिश शिकवणारं कोल्हापुरात कुणी मिळालं नाही, मग म्हटलं शेजारच्या घरातलं तरी शिकू. रिटायर झाल्यावर बाईनं काहीतरी करावं. दुसरं कारण नाही.

जपून राहा. पोटभर खा. व्हिडिओत गाल बसलेले दिसले.

तुझी आई


१ मार्च

अनुजा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

पहिलं पोचलं तसा सम्राटरावांचा फोन आला. आवाज नुसता पाकातला. "आई, पत्रं नका पाठवत जाऊ. तिचं मन लागत न्हाय मग." मी विचारलं, अनुजा आहे का जवळ? तर म्हणाले, झोपलीय. तिकडं दुपारचे दोन वाजले होते. तू लहानपणी तापानं फणफणलेली असतानाही दुपारी झोपली नाहीस.

म्हणून आता लिहिते आणि कपाटात साड्यांखाली ठेवते. कुठल्या पत्त्यावर धाडायची ते कळलं की सगळी एकदम धाडीन. न लिहून राहवत नाही. आण्णांना सांगितलं तर ते म्हणतात, "तुला कामधंदा न्हाय."

काल वर्गात तुझा तो शब्द आला. आमच्या प्रियदर्शनी मॅडम तिशीच्याही नाहीत, पण पुण्यात चार भाषा शिकून आल्यात आणि मला काकू म्हणतात. त्यांनी फळ्यावर 'गिफ्ट' लिहिलं आणि विचारलं, अर्थ काय? हुपरीची तहरीम म्हणून एक चुणचुणीत पोरगी आहे, ती म्हणाली, "भेटवस्तू." मॅडम म्हणाल्या, "जर्मनीतल्या दवाखान्यात एखाद्या बाटलीवर हा शब्द दिसला तर लांब राहा. तिकडं त्याचा अर्थ विष."

पोरी खो खो हसल्या. मी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्याचं मूळ एकच, देणं. इंग्रजांनी 'दिलेली वस्तू' एवढाच अर्थ ठेवला. पण हजार वर्षांपूर्वी त्यांच्यातही तो शब्द नवरीसाठी जे द्यायचं त्याला होता, आणि त्याचं अनेकवचन म्हणजे लग्नच. ग्रीक वैद्य औषध देण्याला 'दोसिस' म्हणायचे, म्हणजे पुन्हा देणंच. आपण डॉक्टरकडं घेतो तो डोस त्यातलाच. जर्मनांनी त्याचं आपल्या भाषेत 'गिफ्ट' केलं, आणि वाईट गोष्टीचं नाव कशाला घ्या म्हणून विषालाही तेच म्हणू लागले. आपण रात्री साप म्हणत नाही, लांबडं म्हणतो, तसं. हॉलंडात भेटीला तोच शब्द, आणि त्याचं शेवटचं अक्षर गळलं की विष. आणि जर्मनीत लेकीसोबत जे द्यायचं ते 'मिटगिफ्ट'. बरोबर दिलेलं.

"आणि स्वीडनात?" मी विचारलं.

"स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, तिन्हीकडं दोन्ही अर्थ आहेत काकू. लग्न झालेली आणि विष. आइसलँडात त्याच घरचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ नशीब."

तहरीम म्हणाली, "मॅडम, आमच्यात मेहर असतंय. त्ये नवऱ्यानं बाईला द्यायचं." मागच्या बाकावरची एक म्हणाली, "आमच्यात बाईच देत्यात की सरळ, वर फ्रिज." वर्ग पुन्हा हसला. मी वहीत मान घातली. तुझ्याबरोबर आम्ही फ्रिज, कपाट, पलंग सगळं दिलं, आणि एवढं सगळं देऊन झाल्यावर मांडवात आण्णांनी डोळे पुसत सम्राटरावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दिली तुमाला." मीसुद्धा रडले. पण शब्दाकडं तेव्हा लक्ष गेलं नाही माझं.

तुला फोन करून हे सगळं सांगावंसं वाटलं. कुणाच्या कानांना सांगू?


२२ मार्च

अनुजा,

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. लांबलचक नंबर. मी उचलणार नव्हते.

"आई, मी बोलतोय. हळू बोल. बिर्गिट आजीच्या फोनवरनं बोलतोय."

ते आपल्या कोल्हापुरी पोरींचं 'बोलतोय' ऐकलं आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. कोल्हापूरची पोरगी परत आली होती, पण आवाज कुजबुजता. तू जे सांगितलंस ते मी लिहून ठेवते, कारण नंतर मला वाटेल की मीच मनानं रचलं.

पासपोर्ट त्याच्या बॅगेत. बॅग त्याच्या उशाला. काम तो घरातूनच करतो, म्हणजे दिवसभर घरात. दाराबाहेर कॅमेरा, काही हललं की त्याच्या मोबाईलवर दिसतं. फक्त धुण्याच्या खोलीत तुला एकटीला जायला मिळतं, ते तळघरात म्हणून, आणि तिथंही अर्ध्या तासानं तो बघायला येतो.

मी विचारलं, "मारतो का?"

मागं मशीन गरगरत होतं. मग म्हणालीस, "आजी म्हणतीया, हितं बायकांसाठी घरं असत्यात. पत्ता कुणालाच देत न्हाईत. ती पोचवतो म्हणतीया. पण त्यो गावात असंपर्यंत माझा पायच उचलत न्हाय बघ. तासाभरात गाठील मला." आणि मग, "आई, आण्णांना सांगू नगंस. त्ये मलाच परत पाठीवत्यात."

मला वाटलं होतं बापाची लाडकी लेक बापाला आधी सांगेल. तुला तो भरवसा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तरी मी सांगितलं त्यांना. तुझी आज्ञा मोडली. तुझ्या फोनचं आणि त्या आजीचं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. पासपोर्टचं, कॅमेऱ्याचं. ते पेपर वाचत होते, तो खाली ठेवला नाही. "नवं नवं हाय, रुळंल. परदेशात जपावंच लागतंय बाईमाणसाला. दिल्या घरचं उकरून काढायचं नसतं आईबापानं." मी म्हटलं, पोरीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय. तर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं? जावईबापूंशी मी दर आठवड्याला बोलतो की. देवमाणूस हाय."

त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाही. हातानं घेऊन जेवले. त्यांना काही वाटलं की नाही कुणास ठाऊक.


२६ एप्रिल

अनुजा,

मी एक चाल केली आणि ती माझ्यावरच उलटली. करायला गेले गणपती, झाला मारुती.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. म्हणजे धोंड्याचा महिना, आणि तुझ्या लग्नानंतरचा पहिलाच. लेक-जावयाला जोडीनं जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारशांचं वाण जावयाला द्यायचं. ही रीत कुणी मोडत नाही. मी म्हटलं, या निमित्तानं एकदा तू माझ्या उंबऱ्याच्या आत आलीस की मग बघते तुला परत कोण नेतो. हुपरीला जाऊन चांदीचं ताट आणि निरांजन सांगून आले, चांगलं जड. सम्राटरावांना कशाची भूल पडते ते मला लग्नाच्या याद्या करताना कळलं होतं.

आण्णा खूश. बायकोला अक्कल आली असं त्यांना वाटलं. पण आवतण थेट जावयाला देऊन चालत नाही, मान विहीणबाईंचा. तेव्हा गेले पेढे घेऊन कागलला. शालूबाईंनी विचारलं, दोघांनी कशाला एवढा प्रवास? त्यावर आपल्या चेअरमनसाहेबांनी काय उत्तर द्यावं? "मान जावयाचा हाय. जावई आला की आमची लेक आल्यागतच!"

असं म्हणायची पद्धत आहे, मला कळतं. समोरच्यानं मग म्हणायचं, "असं कसं, जोडीनंच येतील की." पण शालूबाई तसलं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मग सम्राट येतो. त्येच्या चुलत बहिणीचं लगीन बी हाय कागलात. सुनंला कशाला? तिकडं घर कोण बघायचं?"

आण्णा घरी येऊन हे मला सांगत होते आणि टॉवेलानं तोंड पुसत होते. मी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत काही? "दिलेलं आवतण फिरवायचं असतं व्हय?"

म्हणजे आता मी त्या माणसाला चांदीच्या ताटात जेवायला घालायचं. त्याला ओवाळायचं. आणि तू हजारो मैलांवर बंद दाराआड. तरी मी अनारशाचे तांदूळ भिजत घातले.


१० मे

अनुजा,

दोन दिवसांपूर्वी क्लास सुटल्यावर मी जिन्यातच बसले. प्रियदर्शनी मॅडम कुलूप लावत होत्या. त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं, अनारशांसकट.

त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "काकू, तो इथं जेवत असेल तेव्हा तिथं कोण असेल?"

माझ्या डोक्यात हे का आलं नाही? दोन आठवडे मी रडत बसले, तो येणार, तू नाहीस, एवढंच धरून. तो तुझ्याजवळ नसेल हे मला दिसलंच नाही. जावई येणार म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त ताट, पाट आणि वाण येतं.

त्यांनी माझ्याच फोनवरून बिर्गिट आजींना फोन लावला. इंग्रजीत बोलल्या, मला समोर धरून ठेवलं. आजी शांत बाई वाटल्या. जेवणाच्या रविवारी, २४ तारखेला, धुण्याचा नंबर त्या तुझ्या नावानं लावतील. सकाळी तू कपड्यांची मोठी पिशवी घेऊन खाली यायचं, कॅमेऱ्याला रोजच्यासारखं दिसेल. पिशवीत वर चादर, खाली तुझे कपडे. तळघराच्या मागच्या दारानं त्यांची गाडी. इथं तेव्हा धोंड्याचं जेवण चालू असेल. तुला त्या धुण्याच्या खोलीत सांगतील, आणि तू नाही म्हणालीस तर जबरदस्ती करणार नाहीत, हे दोनदा म्हणाल्या.

शेवटी मी मॅडमना म्हटलं, विचारा त्यांना त्या शब्दाचं. त्यांच्याकडं बाईला अजून 'दिलेली' समजतात का? आजी हसल्या, म्हणाल्या, तिकडं कुणाच्या मनात ते देणं-बिणं येतच नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय, पुरुषालाही तोच लावतात. मॅडमनी वर आणखी सांगितलं, लॅटिनमधला 'जवळ बाळगणं' अशा अर्थाचा शब्दही याच मुळातून आला असं काही पंडित मानतात. म्हणजे देणारा हात आणि धरून ठेवणारा हात मुळात एकच.

मी म्हटलं, आमच्याकडं शब्द गुळगुळीत झालेला नाही हो मॅडम, चांगला खरबरीत आहे अजून.

आण्णांना यातलं काही सांगितलेलं नाही. मला सम्राटपेक्षा आता त्यांची भीती वाटते. त्यांना कळलं आणि त्यांनी भाबडेपणानं एक शब्द जरी टाकला तर सगळं संपलं. तेहतीस वर्षांच्या संसारात मी या माणसापासून एवढं मोठं काही लपवलं नव्हतं.


२३ मे

अनुजा,

उद्या आहे. तो गुरुवारी कागलात उतरला. फोनवर म्हणाला, "येतो की आई, अनारसं तयार ठेवा."

पुरण वाटून झालं. अनारशांचा पहिला घाणा तुपात विरघळून गेला, तुझी आजी याला अपशकुन म्हणाली असती. मी म्हटलं, पीठ सैल झालंय, बाकी काही नाही. पुन्हा मळलं.

बिर्गिट आजींनी मॅडमना कळवलंय की तू "बघू" म्हणालीस. नुसतं बघू. यावरून मी काय समजायचं? उद्या तू पिशवी भरशील की चादर तेवढी धुऊन वर जाशील? गेलीस तरी मी रागावणार नाही. पण जाऊ नकोस गं.


२८ मे

अनुजा,

तुला बोलता आलं तेवढं तू काल बोललीस. आता इथलं ऐक, मी सगळं क्रमानं सांगते. ही सगळी पत्रं प्रियदर्शनी मॅडम बिर्गिट आजींच्या नावानं धाडणार आहेत, त्या तुला पोचवतील.

तो अकराला आला. पांढरा शर्ट, हातात तीच काळी बॅग. आण्णांनी पाय धुवायला पाणी दिलं, मी ओवाळलं. खरं सांगते, निरांजन फिरवताना मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझं घेतलं. शालूबाई लग्नाच्या गडबडीत होत्या, आल्या नाहीत, तेवढं बरं झालं.

पाटावर बसला तेव्हा एक वाजला होता. मोबाईल ताटाशेजारी उताणा. दुसरा धोंडा वाढताना तो मोबाईल टुण्णकन वाजला. त्यानं बघितलं आणि हसून माझ्यापुढं धरला. "बघा आई, तुमची लेक धुणं धुवायला निघाली."

तू पाठमोरी होतीस. निळी पिशवी खांद्यावर, एका बाजूला झुकलेली. केस किती कमी झालेत तुझे. तू वळून कॅमेऱ्याकडं बघितलं नाहीस, जिन्याकडं गेलीस आणि चित्र थांबलं. मी "व्हय" म्हटलं आणि त्याच्या पानात तूप वाढलं. वाटीभर वाढलं असेल, तो म्हणाला, "बास बास."

मग मी वाढतच राहिले. कटाची आमटी, भजी, पुन्हा धोंडा. तो नको म्हणायचा आणि आण्णा म्हणायचे, "पहिला धोंडा हाय, असं कसं?" त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं, पण आग्रह करण्यात त्यांचा हात कोण धरणार! मला हसूही येत होतं आणि मी घड्याळही बघत होते.

अर्धा तास झाला तसा तो मोबाईल बघू लागला. मग तुला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. "अजून वर आली न्हाय." तो उठायला लागला. आण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसवलं. "भरल्या ताटावरनं उठू नये जावईबापू. धुण्याला वेळ लागतोय. लेक दिलीया तुमाला, एवढा मान तरी राखा आमचा." तो बसला. अनारसा तोंडात, डोळे मोबाईलवर, घास नुसता घोळवत होता.

मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा माझ्या फोनवर मॅडमचा मेसेज आला होता. दोनच शब्द. "गाडी निघाली."

मी मेसेज पुसून टाकला. बाहेर जाऊन त्याला आणखी तासभर खायला घालायचं असं ठरलं होतं. तू त्या बायकांच्या घरी पोचेपर्यंत. पण मी निघाले तेवढ्यात तो ओरडला. त्यानं कुणाला तरी तिकडं फोन करून तळघरात पाठवलं होतं, मशीन रिकामं होतं.

"कुठं गेली ती? तुमाला म्हाईत हाय! आई, तुमी पत्रं लिवताय, तुमीच कायतरी शिकीवलंय तिला!" ताट लवंडलं, पुरण फरशीवर. "जाऊन जाऊन जाईल कुठं? पासपोर्ट हितं हाय माझ्याकडं!" आणि त्यानं त्या काळ्या बॅगेवर थाप मारली.

अनुजा, मी तुझ्या आण्णांकडं बघितलं. मला वाटलं आता हे माझ्यावर ओरडणार. ते बॅगेकडं बघत होते. मी मार्चमध्ये पासपोर्टचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरही खाली ठेवला नव्हता. तेच आता त्या माणसाच्या तोंडून आलं होतं.

"लेकीचा पासपोर्ट तुमी घेऊन फिरताय?" त्यांनी विचारलं.

"माझी बायको हाय ती. तुमीच दिलीया."

आण्णा उठले. दोन्ही गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश. जावयाला आजवर 'अहो'शिवाय हाक न मारणारा माणूस. "दे इकडं," म्हणाले. तो बघतच राहिला. "बॅग उघड आणि दे इकडं. न्हायतर अख्खी राजारामपुरी गोळा करतो. जावई हाईस म्हणून दारातनं चालत जाशील, एवढंच."

दिला त्यानं. हात धुतला नाही तसाच निघून गेला. चांदीचं ताट खाली पुरणात पडलेलं. नेलं नाही, ते विसरला.

संध्याकाळी शालूबाई आणि त्यांचे दीर आले. दिलेली लेक परत घेता येत नाही, तुमची अब्रू जाईल, दूध संस्थेत तोंड कसं दाखवाल, असं बरंच. आण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चहा घेताय का?" घेतला नाही. मग शेजारचे आले, मग गावाकडचे. अजून येतायत. उद्या वकिलाकडं जायचंय, तुझ्या पासपोर्टची नोंद कुठं करायची ते विचारायचंय. तो तिकडं परतल्यावर काय करील याची मला धास्ती आहे, ती काही जात नाही. तू पत्ता कुणालाच सांगू नकोस. मलाही नको.

आण्णा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी लपवलं याचा राग. मी म्हटलं, सांगितलं होतं तेव्हा ऐकलं होतंत का?

काल तुझा फोन आला तेव्हा ते दाराशी उभे होते. मी त्यांच्यापुढं फोन धरला, त्यांनी घेतला नाही, मान हलवली. तू "आण्णा हायत का तिथं?" असं विचारलंस, ते त्यांनी ऐकलं.

आज सकाळी ते पासपोर्ट ऑफिसात जाऊन आले. स्वतःचा काढायला. आल्यावर चप्पल न काढता माझ्यापुढं येऊन उभे राहिले. म्हणाले, पत्र लिवतीयास तर माझं एक लिव.

तुला ठाऊक आहे, हा माणूस कसा आहे. मंदाआत्याला देऊन चाळीस वर्षं झाली, तिच्या घरी ते अजून पाण्याचा घोट घेत नाहीत. दिल्या घरचं अन्न भावाला, बापाला चालत नाही, असं त्यांच्या वडलांनी शिकवलेलं. उन्हाळ्यात आत्याच्या दारात घामाघूम होऊन बसतील, पण तांब्याला हात लावणार नाहीत. तुझ्या लग्नानंतर कागलला गेले तेव्हाही बाटली घरून नेली होती.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"तिला इचार, मी तिकडं आलो तर दोन भाकऱ्या टाकशील का मला. तुझ्या हातच्या."

तुझी आई